यादी कोणी केली?

३१ जुलै २०१५ रोजी, एका शुक्रवारी, केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना आदेश धाडला. सोबत ८५७ संकेतस्थळांची यादी होती. नीतिमत्ता आणि सभ्यतेला बाधा येते म्हणून ही स्थळे बंद करावीत, एवढेच कारण दिले होते. शनिवार-रविवारी देशभरातल्या लोकांना कोरे पडदे दिसले, सोमवारी वाहिन्यांवर चर्चा रंगली आणि मंगळवारी, ४ ऑगस्टला, सरकारने पाऊल मागे घेतले. ज्या स्थळांवर लहान मुलांचे लैंगिक चित्रण नसेल ती खुली करायला कंपन्यांना मोकळीक आहे, असा खुलासा झाला. कंपन्यांनी कपाळाला हात लावला. कोणत्या स्थळावर काय आहे हे तपासायचे कोणी, आणि तपासणीत चूक झाली तर जबाबदार कोण? या प्रश्नांना उत्तर नव्हते.

मुळात ही यादी सरकारने स्वतः तयार केलेली नव्हती. इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका करून पॉर्नवर सरसकट बंदी मागितली होती. त्यांनी पुरवलेली यादीच सरकारी पत्राला जोडली गेली. तिच्यात ‘कॉलेजह्यूमर’सारखे निव्वळ थट्टामस्करीचे स्थळही होते. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये देहरादूनजवळच्या एका निवासी शाळेतल्या बलात्काराच्या प्रकरणावरून उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१५चा आदेश अमलात आणा असे बजावले. तेव्हा कुठे माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने यादी उघडून वाचली. त्यातल्या ३० स्थळांवर आक्षेपार्ह काहीच सापडले नाही. ती वगळून ऑक्टोबरमध्ये ८२७ स्थळे बंद झाली. म्हणजे आधी बंदी घालायची आणि काय बंद केले ते तीन वर्षांनी पाहायचे, असा हा उलटा कारभार.

पॉर्नबंदीचा वाद जगात कुठेही निघाला की तो एकाच वाटेने जातो. एक बाजू मुलांच्या कोवळ्या मनाची काळजी करते, दुसरी अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याची. दोघांचेही म्हणणे खोटे नसते, म्हणूनच वाद संपत नाही. पण गेल्या तीस वर्षांतल्या फिल्टरांचा इतिहास पाहिला तर त्यांचे यशापयश या तात्त्विक झगड्यावर फारसे ठरलेले दिसत नाही. ते ठरले यादी कोणी केली, ती कोणाला पाहता आली आणि चूक झाल्यावर दाद कुठे मागता आली यावर. हे प्रश्न रुक्ष आहेत, त्यांच्यावर वाहिन्यांवर कोणी ओरडत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

महाराष्ट्राला तर अश्लीलतेच्या खटल्यांचा जुना अनुभव आहे. र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्यातले विषय. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड भरावाच लागला. १९६४ साली मुंबईतल्या एका पुस्तकाच्या दुकानाचे भागीदार रणजित उदेशी यांच्या खटल्यात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ अश्लील आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. याच्या उलट चंद्रकांत काकोडकरांचे प्रकरण. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची ‘शामा’ ही कथा आली, तक्रार झाली. दंडाधिकाऱ्यांनी सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले.

या निकालांशी सहमत व्हा किंवा होऊ नका. पण तिन्ही ठिकाणी आरोप एका ठरावीक मजकुरावर होता. तो मजकूर न्यायाधीशांनी वाचला, लेखकाला किंवा विक्रेत्याला बोलू दिले, कारणे लिहून ठेवली. ती कारणे आजही वाचता येतात, चुकीची वाटली तर खोडून काढता येतात. ‘शामा’ एका दिवाळी अंकातली एक कथा, तिच्यावर तीन न्यायालयांनी वेळ खर्च केला. फिल्टर आला आणि हे सगळे गळाले. आता मजकूर वाचायला कोणी बसत नाही. एक यंत्र किंवा एक कारकून पत्ते गोळा करतो, आणि ज्याचे स्थळ बंद झाले त्याला ते बऱ्याचदा ग्राहकांच्या तक्रारींवरून कळते.

पहिला मोठा झगडा अमेरिकेत झाला. ३ जुलै १९९५च्या ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘सायबरपॉर्न’ हा मथळा देऊन मुखपृष्ठावर एका भेदरलेल्या मुलाचा चेहरा छापला. आधार होता कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका पदवी विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा. त्यातले आकडे काही आठवड्यांत उघडे पडले, पण तोवर ते सिनेटमध्ये पोचले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये कायदा झाला आणि जून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली अशोभनीय मजकुराबद्दलची कलमे रद्द केली. मुलांना वाचवण्याच्या नावाखाली प्रौढांना मुलांच्या पातळीवर आणून बसवता येत नाही, हे त्यामागचे सूत्र. नंतरचा १९९८चा कायदाही कोर्टात अडकून कधी लागू झाला नाही. टिकला तो २०००चा. केंद्राचे अनुदान हवे असेल तर शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी संगणकांवर फिल्टर बसवावा, असे तो सांगत होता. २००३ साली न्यायालयाने तो मान्य केला, त्यात प्रौढ वाचकाला फिल्टर काढून मागता येईल या बाबीचा मोठा वाटा होता.

त्या काळातले फिल्टर शब्द शोधत. परिणाम असा की इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना १९९६ साली एओएलवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली होती. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर कॉलेजचे नाव फिल्टरांना खटके. २००१ साली संस्थेने आर्केडिया विद्यापीठ हे नाव घेतले, त्याच्या कारणांमध्ये हेही एक होते. हसण्यासारखेच किस्से आहेत, पण दीडशे वर्षांच्या संस्थेचे बारसे पुन्हा करायला सॉफ्टवेअरने हातभार लावावा ही गोष्ट फार हसण्यावारी नेण्यासारखीही नाही.

यादी प्रकरणाचे खरे पाठ्यपुस्तक मात्र ऑस्ट्रेलियाने लिहिले. २००७च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने घरोघरी फुकट फिल्टर देण्याची योजना आणली, खर्च ८.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. मेलबर्नच्या एका सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने तो अर्ध्या तासात निकामी करून दाखवला. सत्ताबदल झाला. नवे दळणवळण मंत्री स्टीफन कॉनरॉय यांनी ठरवले की घरातला फिल्टर मुले उडवतात, तर तो कंपनीच्या पातळीवरच बसवू, आणि सक्तीने बसवू. त्यासाठीची काळी यादी सरकारी नियामकाकडे असेल आणि ती गुप्त राहील. गुप्ततेचे समर्थन वरकरणी पटण्यासारखे होते: यादी छापली तर ती वाईट स्थळांची जाहिरातच ठरेल.

मार्च २००९ मध्ये विकिलीक्सने यादी फोडली. सुमारे २,४०० पत्ते. त्यात लहान मुलांच्या छळाची स्थळे होती, कायदेशीर पॉर्न होते, पोकरची स्थळे होती. शिवाय क्वीन्सलंडमधला एक दंतवैद्य, कुत्र्यांचे एक पाळणाघर आणि शाळांच्या उपाहारगृहांना सल्ला देणारा एक व्यावसायिक यांची स्थळेही होती. दंतवैद्याचे स्थळ कधीकाळी कोणीतरी हॅक केले होते, त्यानंतर त्याचे नाव यादीतून निघालेच नव्हते. गुप्त यादीतला मनुष्य दुरुस्ती मागू शकत नाही, कारण आपण यादीत आहोत हेच त्याला ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियातल्या सामान्य माणसाला फिल्टरच्या विरोधात वळवण्यात त्या दाताच्या डॉक्टरचा वाटा अभिव्यक्तीवरच्या शंभर भाषणांहून मोठा असावा.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कॉनरॉय यांनी योजना गुंडाळली आणि लहान मुलांच्या लैंगिक छळाच्या स्थळांची इंटरपोलची छोटी यादीच फक्त लागू केली. त्यासाठी दूरसंचार कायद्यातले ३१३ हे जुने कलम वापरले. लगेच २०१३ साली त्याच कलमाचा आधार घेऊन रोखे बाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाने एका गुंतवणूक फसवणुकीचे स्थळ बंद करायला सांगितले. पत्ता संकेतस्थळाचा द्यायचा तो दिला सर्व्हरचा. त्या सर्व्हरवरची सुमारे १,२०० स्थळे एकदम गेली, त्यात मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटी नावाचा लोकशिक्षणाचा उपक्रमही होता. याआधीच्या दुसऱ्या एका आदेशात अडीच लाख स्थळे बंद झाली होती, असेही आयोगाने नंतर कबूल केले. त्यांतली बहुतेक रिकामी होती, हे नशीब.

मुलांच्या छळाविरुद्धची यंत्रणा दुसऱ्याच कामाला जुंपली जाणे ही काही ऑस्ट्रेलियाची खासियत नाही. ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने २००४ साली ‘क्लीनफीड’ नावाची यंत्रणा बसवली. इंटरनेट वॉच फाउंडेशन ही संस्था मुलांच्या लैंगिक छळाच्या चित्रांचे पत्ते देई, यंत्रणा ते अडवी. याबद्दल फारसा मतभेद नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये याच संस्थेने स्कॉर्पियन्स या जर्मन बँडच्या १९७६च्या एका अल्बमच्या मुखपृष्ठामुळे विकिपीडियाचे पान यादीत टाकले. ब्रिटनमधली विकिपीडियाची वाहतूक मोजक्याच मधल्या सर्व्हरवरून जाऊ लागल्यामुळे देशातल्या बहुतेक वाचकांना निनावी संपादन करता येईना. चार दिवसांत निर्णय फिरवला. चित्र वादग्रस्त आहे हे खरे, पण तीन दशके दुकानात मिळणारी वस्तू एका खासगी संस्थेने एका सकाळी बेकायदा मानायची का, हा प्रश्न तसाच राहिला. २०११ साली चित्रपट कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. नक्कल चित्रपट पुरवणारे ‘न्यूझबिन’ बंद करायला बीटीकडे यंत्रणा आहेच, ती वापरा, असा निकाल मिळाला. एकदा नळाला तोटी बसली की ती फिरवायला नवनवे हात येतात.

२२ जुलै २०१३ रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पुढची पायरी जाहीर केली. चार मोठ्या कंपन्यांनी प्रत्येक नव्या घरगुती जोडणीवर फिल्टर आधीच सुरू ठेवायचा आणि नको असेल त्याने तसे सांगायचे. कायदा नाही, सरकारी दबावाखालचा ‘स्वेच्छेचा’ करार. या शब्दातली मखलाशी ब्रिटिश नोकरशाहीलाच जमते. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ने तपासले, तर टॉकटॉकच्या फिल्टरने किशोरांसाठीचे एक लैंगिक शिक्षणाचे स्थळ आणि एडिंबरातले बलात्कारपीडितांचे मदत केंद्र अडवलेले निघाले. स्कायने पॉर्नच्या व्यसनातून सुटायला मदत करणारी स्थळे बंद केली होती. पुढच्या वर्षी ओपन राइट्स ग्रुपने एक लाख लोकप्रिय स्थळे तपासली, तेव्हा त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा कोणत्या ना कोणत्या फिल्टरमध्ये अडकत होता. कर्व्यांच्या अंकाला आणि या मदत केंद्रांना गाळणारी चाळण एकच आहे: लैंगिकतेबद्दल बोलणे आणि लैंगिक उत्तेजन विकणे यांतला फरक तिला कळत नाही.

आणि लोकांनी हा फिल्टर घेतला किती? ऑफकॉम या नियामकाने जुलै २०१४ मध्ये आकडे दिले. नव्या ग्राहकांपैकी व्हर्जिनकडे ४ टक्के, बीटीकडे ५, स्कायकडे ८, टॉकटॉककडे मात्र ३६. सर्वेक्षणात फिल्टर हवा म्हणणारे पालक स्वतःच्या घरात तो लावतात कमी. यात नुसता ढोंगीपणा पाहणे बरोबर नाही. एका घरात एकच जोडणी असते आणि ती नऊ वर्षांची मुलगी, सतरा वर्षांचा मुलगा आणि आजोबा सगळेच वापरतात. तिघांना एकच चाळण बसत नाही.

हुकूमशाही राजवटींना असले प्रश्न पडत नाहीत, तरी त्यांचीही फजिती होतेच. चीनने २००९ साली प्रत्येक नव्या संगणकावर ‘ग्रीन डॅम’ हे सॉफ्टवेअर सक्तीचे करायचे ठरवले. ते त्वचेच्या रंगावरून नग्नता ओळखे. केशरी बोक्याची, गारफिल्डची, चित्रे अडकत आणि काळसर त्वचेची नग्न चित्रे सुटत. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातली भोके दाखवली, आणि शब्दांच्या यादीत राजकीय शब्द भरलेले आहेत हेही. सक्तीची तारीख यायच्या आदल्या दिवशी निर्णय पुढे ढकलला गेला. लोकशाही असलेल्या दक्षिण कोरियाने फेब्रुवारी २०१९ मध्ये, जोडणी होतानाच स्थळाचे नाव वाचून अडवण्याचे तंत्र आणले आणि ८९५ स्थळे बंद केली. दोन लाखांहून अधिक लोकांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे निषेधाचा अर्ज केला. पॉर्न पाहायचेच म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या असे नव्हे. सरकार आपल्या जोडणीत डोकावते, याचा राग मोठा होता.

भारताची कायदेशीर घडी आणखी विचित्र आहे. स्थळे बंद करण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९अ हे कलम आहे, २००९ची नियमावली आहे, समिती आहे, बाजू मांडण्याची तरतूद आहे. मार्च २०१५च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाला मान्यता दिली ती याच बंधनांकडे बोट दाखवून. पण ६९अ मध्ये देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणे आहेत, अश्लीलता नाही. म्हणून २०१५चा आदेश ७९(३)(ब) खाली काढला गेला. हे कलम मुळात मध्यस्थ कंपन्यांना खटल्यांपासून कधी संरक्षण मिळते आणि कधी जाते एवढे सांगण्यासाठी आहे. त्यात ना समिती, ना सुनावणी. आणि ६९अच्या नियमांतही सोळावा नियम आहेच, तो तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो.

त्या गोपनीयतेतून काय पिकते? संशोधकांनी २०२० साली भारतातल्या सहा इंटरनेट कंपन्यांच्या याद्या ताडून पाहिल्या. सहाही कंपन्यांनी बंद केलेली स्थळे एकूण बंद स्थळांच्या जेमतेम पाव हिश्शाहून थोडी अधिक भरली. कायदा एक, देश एक, आणि काय दिसेल ते मात्र तुमचे सिम कोणत्या कंपनीचे त्यावर. २०१८च्या बंदीनंतर पॉर्नहबने शेवटचे अक्षरगट बदलून नवा पत्ता लगेच सुरू केला. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने १८ ओटीटी मंच बंद केले, जुलै २०२५ मध्ये ‘उल्लू’, ‘ऑल्ट’ यांच्यासह आणखी २५. इथे निदान कारभार असलेल्या भारतीय कंपन्या समोर होत्या, त्या न्यायालयात जाऊ शकतात. परदेशी स्थळांच्या बाबतीत तेवढेही नाही.

बंदीचे समर्थक यावर म्हणतील, चुका दुरुस्त करता येतील, पण मुलांचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांनी इंग्लंडच्या बाल आयुक्तांचा जानेवारी २०२३चा अहवाल वाचावा. ज्यांनी पॉर्न पाहिले होते त्यांनी ते प्रथम पाहिल्याचे सरासरी वय १३. २७ टक्क्यांनी ११व्या वर्षापर्यंत पाहिलेले. अनेकांना ते शोधावे लागले नव्हते, समाजमाध्यमांवर समोर आले होते. हिंसक दृश्यांतून मुलींशी वागायचे शिकणाऱ्या मुलांची चिंता ही सनातन्यांची ओरड नव्हे. स्त्रीवादी चळवळीतल्या एका मोठ्या गटाने १९८०च्या दशकापासून ती मांडली आहे. पॉर्नमुळे हिंसा वाढते का, यावर संशोधकांचे एकमत नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाला ते दिसू नये, यासाठी संशोधकांच्या एकमताची गरजही नाही.

म्हणूनच हल्ली यादी मागे पडून वयाच्या पडताळणीचा रस्ता पुढे आला आहे. स्थळ बंद करायचे नाही, दारात वय विचारायचे. ब्रिटनने २०१७च्या कायद्यात हे घातले, तारखा तीनदा हुकल्या, एकदा तर युरोपीय आयोगाला कळवायचेच राहून गेले म्हणून, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रयत्न सोडला. २०२३च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यातून तो परत आला आणि २५ जुलै २०२५ रोजी लागू झाला. व्हीपीएनची मागणी त्याच आठवड्यात आकाशाला भिडली, कायदा रद्द करा म्हणणाऱ्या अर्जावर पाच लाखांच्या वर सह्या झाल्या, आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचाच्या चेहरा तपासणीला काहींनी एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा दाखवून चकवले. ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्डच्याच एका बाहेरच्या सेवेतून सुमारे ७०,००० लोकांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली. विरोधकांनी वर्षानुवर्षे दिलेला इशारा खरा ठरायला अडीच महिने पुरले.

अमेरिकेत लुइझियानाने जानेवारी २०२३पासून सुरुवात केली, मागोमाग वीसहून अधिक राज्ये आली. टेक्सासचा कायदा २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. १९९७च्या आणि १९९८च्या कायद्याबद्दलच्या २००४च्या निकालांनी उभारलेली भिंत त्या दिवशी खचली. पॉर्नहबने अशा अनेक राज्यांतून आणि जूनमध्ये फ्रान्समधूनही काढता पाय घेतला. एका संशोधनगटाने शोधयंत्रांवरची आकडेवारी तपासली, तेव्हा नियम पाळणाऱ्या मोठ्या स्थळाचा शोध निम्म्यावर आलेला आणि नियम न पाळणाऱ्या स्थळांचा जवळपास तेवढाच वाढलेला दिसला. ग्राहक गेला तो शेजारच्या, जास्त कळकट दुकानात. तरी लहान वयात चुकून समोर येणे यामुळे कमी होत असेल, तर तो फायदा खराच, आणि तो या आकड्यांत दिसत नाही हेही सांगायला हवे.

ओळखपत्र मागण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुलांना अश्लील स्थळांपासून वाचवण्यासाठी समिती नेमली होती. सायबर कॅफेत ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे आणि अल्पवयीनांना आडोशाच्या खणात न बसवता सगळ्यांना दिसेल अशा संगणकावर बसवावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. कॅफे गेले, खण गेला, आडोसा प्रत्येकाच्या खिशात आला.

या सगळ्या गदारोळात ज्या उपायाने सर्वांत जास्त चित्रफिती खरोखर नाहीशा झाल्या तो कोणत्याही सरकारने केलेला नाही. डिसेंबर २०२०च्या आरंभी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांनी पॉर्नहबवरच्या अल्पवयीन मुलींच्या आणि बलात्काराच्या चित्रफितींबद्दल लिहिले. व्हिसा आणि मास्टरकार्डने व्यवहार तोडले. दहा-बारा दिवसांत त्या स्थळाने, ओळख न पटलेल्या लोकांनी चढवलेल्या लाखो चित्रफिती काढून टाकल्या. एक कोटी तीस लाखांच्या घरातला साठा तीसेक लाखांवर आला. पाहणाऱ्याला अडवण्याऐवजी चढवणाऱ्याला ‘तू कोण, आणि या चित्रातल्या बाईची संमती कुठे आहे’ असे विचारले, एवढेच. दोन कार्ड कंपन्यांकडे इतकी सत्ता असणे चांगले नव्हे आणि तिची झळ संमतीने काम करणाऱ्या स्त्रियांनाही बसली. पण प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला.

भारतात हाच धागा हैदराबादच्या ‘प्रज्वला’ संस्थेच्या सुनीता कृष्णन यांनी पकडला होता. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बलात्काराच्या चित्रफितींबद्दल त्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या प्रकरणातून तक्रारींसाठी राष्ट्रीय पोर्टल उभे राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलांच्या लैंगिक छळाचे चित्रण बाळगण्याबद्दलची पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने बुजवली. संमतीविना केलेले चित्रण, मुलांचा छळ आणि प्रौढांनी प्रौढांसाठी केलेले पॉर्न या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन गुन्हे आहेत, तिथे पोलीस हवेत. सरसकट बंदीची मागणी या तिन्हींची मोट बांधते, आणि ८५७ पत्ते बंद केल्याच्या समाधानात एखाद्या तालुक्याच्या गावी स्वतःची चित्रफीत फिरते म्हणून ठाण्यात आलेल्या मुलीची तक्रार नोंदवून घ्यायला माणूस नसतो.

शिक्षणाच्या आघाडीवर महाराष्ट्राची नोंदही फार गौरवाची नाही. २००७ साली केंद्राने आखलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीला धक्का लागतो म्हणून काही राज्यांनी थांबवला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेत बोलायचे नाही, घरी बोलायची पद्धत नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला. उरलेले शिक्षण कोणाकडून झाले असेल हे सांगायला नको.

आता पुढचा टप्पा दारात आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक ठरतात, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि ही तरतूद अधिसूचनेपासून दीड वर्षाने लागू व्हायची आहे. पॉर्नच्या दारावर वय विचारायची वेळ आली तर आधारकडे बोट जाणार हे उघड आहे. मग कोणत्या नागरिकाने कोणत्या रात्री कोणत्या स्थळासाठी वय सिद्ध केले याची नोंद कोण ठेवणार, किती दिवस, आणि ती मागायला कोणत्या दर्जाचा अधिकारी लागेल, हे कायद्यातच लिहावे लागेल. ब्रिटनचा कायदा करणाऱ्यांना न पडलेली आणखी एक अडचण इथे आहे. लाखो घरांत फोन एकच असतो, सिम वडिलांच्या नावावर, दिवसा तो आईकडे, संध्याकाळी अभ्यासाच्या निमित्ताने मुलाकडे. दाराशी चेहरा वडिलांचा दाखवला जाईल आणि सत्र उघडेच राहील.